डिकीतलं चहा-पोह्यांचं सामान

गाडीत चहा करायचा तर १२ व्होल्टच्या सॉकेटवरची किटली घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत. तिथून जेमतेम १२०-१५० वॉट मिळतात. अर्धा लिटर पाणी उकळायला वीसेक मिनिटं जातात. त्यापेक्षा ब्युटेनच्या डब्यावरची छोटी शेगडी उत्तम. सोबत झाकणाचं लिटरभराचं पातेलं, सांडशी, गाळणी, लायटर. चहा, साखर, सुंठपूड घरूनच एकत्र करून न्या. पोहेसुद्धा फोडणीत कुरकुरीत परतून, गार करून डब्यात भरा. वर तेवढंच उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं की मस्त फुलतात! शेगडी मात्र गाडीबाहेर, सपाट जमिनीवरच पेटवा. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचून जिवावर बेततं. गॅसचा डबाही उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.