मानसिक आरोग्यसेवेची पदवी : खर्च आणि मिळकत यांचा मेळ

शरीराच्या दुखण्याइतकेच मनाचे दुखणेही उपचारांनी आटोक्यात येऊ शकते, ही जाणीव आता खेड्यापाड्यांतही रुजू लागली आहे. परंतु उपचार करणारी माणसे मात्र पुरेशी नाहीत. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक विकार असल्याचे आढळले. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचेही त्यातून दिसून आले. साहजिकच अनेक विद्यार्थी या क्षेत्राकडे वळत आहेत. मात्र समाजाची गरज मोठी असली, तरी प्रत्येक पदवीधराला पुरेसे वेतन मिळतेच असे नाही. म्हणून प्रवेशापूर्वी खर्च व मिळकत यांचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

कोणत्या पदवीला कोणता अधिकार?

मानसशास्त्राची बी. ए. वा एम. ए. पदवी किंवा समुपदेशनाची पदविका मिळाली म्हणजे विद्यार्थी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होतो, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली अर्हता व परिषदेच्या नोंदवहीत नाव असणे आवश्यक आहे. नोंदणीविना असा व्यवसाय करणे १९९२ च्या कायद्यानुसार शिक्षेस पात्र आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीनंतरचे मनोविकार समाजकार्याचे शिक्षण आणि मनोविकार शुश्रूषा हे याच क्षेत्रातील अन्य मार्ग होत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये या तिन्ही व्यावसायिकांच्या स्वतंत्र व्याख्या दिलेल्या आहेत.

अभ्यासक्रमांच्या रचनेतही बदल होत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये एम. फिल. पदवी बंद करण्याचे ठरले. मात्र चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या दोन विषयांतील प्रवेशांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमही आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबविले. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षी, त्या संस्थेच्या, त्याच अभ्यासक्रमाला मान्यता आहे किंवा कसे, याची खातरजमा करावी. मान्यता नसलेल्या पदवीवर केलेला खर्च कोणत्याही हिशेबाने भरून निघत नाही.

हिशेब कसा मांडावा?

शुल्क, वसतिगृह व पुस्तके हा खर्च सर्वांच्या लक्षात येतो. कर्जावरील व्याज आणि शिक्षणाच्या काळात बुडणारी कमाई या दोन बाबी मात्र बहुधा विसरल्या जातात. रुग्णालयातील प्रात्यक्षिकासह पूर्णवेळ शिक्षण घेताना नोकरी सांभाळणे शक्य होत नाही.

केवळ उदाहरणादाखल पुढील आकडे घेऊ. दरमहा १२,००० रुपये मिळविणाऱ्या पदवीधराने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी प्रारंभीच ३ लाख रुपये कर्ज दरसाल १० टक्के व्याजाने घेतले. अभ्यासक्रमाची दोन वर्षे व त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष मिळून सरळव्याज ९०,००० रुपये होते. ते मुद्दलात मिळविल्यास ३,९०,००० रुपयांच्या फेडीसाठी पाच वर्षे दरमहा सुमारे ८,२८६ रुपये हप्ता पडतो. व्याजाची एकूण रक्कम सुमारे १,९७,००० रुपये होते. दोन वर्षांची बुडालेली कमाई २,८८,००० रुपये. म्हणजे पदवीची खरी किंमत ३ लाख नसून सुमारे ७,८५,००० रुपये होय.

पदवीनंतर वेतन २५,००० रुपये झाल्यास दरमहा १३,००० रुपयांची वाढ होते आणि हा खर्च सुमारे पाच वर्षांत भरून निघतो. वेतन १८,००० रुपयेच मिळाल्यास मात्र जवळजवळ अकरा वर्षे लागतात. शिवाय कर्जाचा हप्ता वेतनवाढीहून अधिक होतो. म्हणजे पदवी घेऊनही पाच वर्षे हाती पूर्वीपेक्षा कमी पैसा राहील! शक्य असेल तर शिक्षणकाळापासूनच दरमहा २,५०० रुपये व्याज भरत राहावे. तसे केल्यास हप्ता सुमारे ६,३७४ रुपयांवर येतो.

मिळकतीची वाट

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. १९९६ मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, तसेच ऑक्टोबर २०२२ पासूनच्या 'टेलि-मानस' (१४४१६) या दूरध्वनी सेवेतही प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. परंतु यांतील अनेक पदे कंत्राटी असतात, हे ध्यानी घेऊन नियमित वेतनश्रेणी व कंत्राटी मानधन यांचा हिशेब वेगवेगळा करावा. खाजगी व्यवसायात जम बसण्यास काही वर्षे लागतात. तोवर कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

मार्गदर्शकांची जबाबदारी

शासकीय व अनुदानित संस्थांतील शुल्क तुलनेने कमी असते. म्हणून प्रथम तेथील प्रवेशासाठी प्रयत्न व्हावा. 'महाडीबीटी' प्रणालीवरील कोणती शिष्यवृत्ती वा शुल्कसवलत त्या अभ्यासक्रमास लागू आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमवेत तपासावे. संस्थेच्या माहितीपत्रकातील आश्वासनांवर विसंबून न राहता मागील दोन-तीन वर्षांतील विद्यार्थी आज कोठे व किती वेतनावर काम करीत आहेत, याची चौकशी करावी. शेत गहाण ठेवून शिक्षणाचा विचार करणाऱ्या कुटुंबाला पंचायत सदस्यांनी हा हिशेब कागदावर मांडून दाखविला, तर पुढील मनस्ताप टळेल. दुसऱ्याच्या मनाचा भार हलका करू पाहणाऱ्या तरुणाच्या शिरावर न पेलणारे कर्ज असू नये, एवढी दक्षता घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.