परसातली झाडं (भाग ९) : कात्री कुठे लावायची, कुठे नाही

मागच्या भागात आळं, खत आणि पाणी झालं. आता कात्री.

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांमधून कोयतेवाले फिरू लागतात. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं झाड ते सकाळभरात खांबासारखं करून जातात आणि आपण म्हणतो, छाटणी झाली. ती छाटणी नव्हे. ज्या झाडाला दरवर्षी थोडी थोडी कात्री लागते, त्याच्यावर कोयता चालवायची वेळ सहसा येत नाही. असं बोडकं केलेलं झाड उपासमारीच्या भीतीने सरळसोट, लांबलचक फुटवे काढतं. ते खोडाला वरवरच चिकटलेले असतात आणि दोन-तीन वर्षांनी वादळात तेच आधी मोडतात. म्हणजे ज्या भीतीने झाड तोडलं, ती भीती वाढवूनच ठेवली.

शेंडा खुडला की झाड डेरेदार होतं, हे कढीपत्ता लावलेल्या घरात सांगावं लागत नाही. शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून धरतं. 1930च्या दशकात थिमान आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी घेवड्याच्या कुळातल्या एका रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावलं, तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे दबलेलेच राहिले. आपण शेंडा काढतो तेव्हा खरं तर हा दाब काढत असतो.

पण सगळ्या झाडांना एकच न्याय लावला की घोटाळा होतो. फूल कोणत्या काडीवर येतं, हे आधी पाहायचं. पेरूला ते नव्या फुटीवर येतं, म्हणून फळं उतरल्यावर फांद्यांची टोकं छाटली की फूट वाढते, फळंही वाढतात आणि झाड हाताच्या उंचीत राहतं. आंब्याचं उलट. त्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. त्यामुळे आंबे उतरले की लगेच, पावसाळ्याच्या सुरुवातीला, काय कापायचं ते कापावं. दिवाळीनंतर ‘जरा आकार देऊ’ म्हणून शेंडे उडवले, तर त्या वर्षीचा मोहोरच उडाला. मोगरा थंडीत छाटला की उन्हाळ्यात बहरतो. या शास्त्राचे खरे पंडित नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार. एप्रिलची खरड छाटणी ते केवळ काडी तयार करण्यासाठी करतात. त्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड आकार घेतात आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बाहेर पडतात. एकाच वेलीवर वर्षात दोनदा कात्री, आणि दोन्हींचा हेतू वेगळा!

लिंबाला मात्र फार छेडू नये. सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, आणि खोडातून सरळ वर जाणारे पाणसोट काढले की पुरे. आत ऊन-वारा खेळला की पावसाळ्यात ओल साचत नाही, बुरशी कमी होते आणि पिठ्या ढेकूणही वेळेवर दिसतो. झाड कलमाचं असेल तर जोडाखालून आलेले फुटवे दिसताक्षणी काढावेत. ‘आमचा गुलाब जंगली झाला’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेकदा खालच्या खुंटाने वरच्या कलमाला मारलेलं असतं.

कापायचं कसं, हे अमेरिकेतल्या ॲलेक्स शिगो या वृक्षतज्ज्ञांनी शिकवलं. त्यांनी असंख्य झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली आणि 1977 साली मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती घालून तो वेगळा पाडतं. ही भिंत फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिथे चांगली उभी राहते. म्हणून कड राखून तिच्या लगेच बाहेर कापायचं. खोडाला घासून कापलं तर कड जाते, वीतभर खुंटी ठेवली तर ती कुजते. जाड फांदी आधी फूटभर अंतरावर खालून थोडी चिरावी, मग त्याच्या किंचित बाहेर वरून कापावी आणि उरलेला तुकडा शेवटी काढावा. नाहीतर फांदी पडताना सालपटं ओढून नेते. कापावर ऑइल पेंट फासण्यात अर्थ नाही. आंब्या-लिंबाच्या मोठ्या कापाला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणात बोर्डो पेस्ट लावतात. घरी त्याच्या दहाव्या हिश्शानेही भागतं, फक्त धातूचं भांडं नको. एका वेळी पाव भागाहून जास्त हिरवा पसारा काढू नये.

शहरात राहत असाल तर मोठ्या झाडाला हात लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. महाराष्ट्रात नागरी भागासाठी 1975चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि झाड आपल्या अंगणात असलं तरी तो लागू होतो. घरट्यात पिल्लं असतील तर ती फांदी महिनाभर थांबू शकते.

शेवग्याला हे नियम जरा सैल आहेत. त्याचं लाकूड ठिसूळ, शेंगा नेमक्या हात पुरत नाही तिथे. शेंगा संपल्या की जमिनीपासून तीनेक फुटांवर निर्धास्त कापा, तो फुटतोच. कापलेल्या फांद्यांतली मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची निवडा, सावलीत दोन दिवस ठेवा आणि पाणी साचणार नाही अशा जागी रोवा. शेजाऱ्यांना द्यायला आणखी दोन उरतील.