कायम भरलेली ओडी

खातं आणि खर्च : भाग ७

मागच्या भागात चेक परत येण्याचा खर्च पाहिला. तो वाचून मरोळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळामालकांनी मला बोलावून घेतलं. शीट मेटलचं जॉबवर्क, दोन पंचिंग प्रेस, सहा कामगार. प्रेसचा दणका बसला की टेबलावरचा चहाचा कप थरथरायचा. त्यांनी ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट पुढे केलं आणि म्हणाले, "साहेब, बारा वर्षं व्याज भरतोय. मुद्दल जागचं हललेलं नाही."

लिमिट दहा लाख, व्याज १३ टक्के, वापर सरासरी ९,६०,०००. ओडीचं व्याज रोजच्या बाकीवर मोजतात आणि महिन्याअखेर खात्याला नावे टाकतात. या खात्याला ते दिवसाला ३४२ रुपये पडतं. रविवारीही, गणपतीत गाळा बंद असतानाही. वर्षाचे जवळपास सव्वा लाख.

पेन्सिल घेऊन मी बारा महिन्यांतली सर्वांत कमी बाकी शोधली. दिवाळीआधी एका मोठ्या पार्टीचं पेमेंट आलं, त्या दिवशी बाकी ७,४०,००० वर उतरली होती. चार दिवसांत बोनस आणि पत्र्याचं बिल भागलं आणि ती पुन्हा साडेनऊवर गेली. त्या ७,४०,००० भोवती मी गोल केला. ओडी असते चढउतारासाठी. माल घ्यायला काढले, पार्टीचे आले की भरले. वर्षभरात बाकी ज्या रकमेच्या खाली एकदाही येत नाही, ती रक्कम खेळती राहिलेली नसते. ते कर्जच असतं, फक्त त्याला मुदत नसते. आणि मुदत नाही म्हणूनच ते फिटत नाही. तुमच्या खात्यातही आधी हाच आकडा शोधा.

मग त्या रकमेला मुदत लावायची. बँकेला सांगून लिमिटमधले चार लाख मुदत कर्जात बदलून घेता येतात आणि ओडीचं लिमिट सहा लाखांवर आणता येतं. १२ टक्क्यांनी ३६ महिने धरले तर हप्ता साधारण १३,२८६ रुपये येतो. बांधील हप्ता नको असेल तर ड्रॉपलाइन ओडी मागा. त्यात लिमिट दरमहा ठरावीक रकमेने उतरतं. महिना १५,००० धरले तर वर्षात १,८०,०००. दोन्हींत माझं मत मुदत कर्जाकडे झुकतं, कारण ओडीत मोकळी झालेली जागा हात पुन्हा भरतोच. मात्र लिमिट एकदम कमी करून घेऊ नका. पगाराच्या तारखेला चेक परत आला तर वाचवलेलं व्याज तिथेच जाईल.

या गाळामालकांच्या दोन गोष्टी मला जास्त खटकल्या. त्यांनी जीएसटी आणि पगारासाठी दोन लाख वेगळ्या चालू खात्यात ठेवले होते. चालू खात्याला व्याज शून्य, आणि तेवढ्याच रकमेवर इकडे ओडीत १३ टक्के. वर्षाला २६,००० रुपये असेच जात होते. वसुली सरळ ओडी खात्यात येऊ द्या आणि जीएसटी भरायच्या दिवशी तिथूनच काढा. दुसरी गोष्ट तीन लाखांच्या एफडीची. ती ७ टक्क्यांनी पडून होती. तारण नसलेली अशी एफडी मोडून ओडीत भरली तर सहा टक्क्यांचा फरक, म्हणजे वर्षाला १८,००० वाचतात. मुदतीआधी मोडण्याचा दंड त्यातून वजा करून पाहा. एफडी मोडताना जीव कासावीस होतो, हे मला कळतं. पण कर्जाच्या शेजारी ठेवलेली एफडी ही बचत नव्हे.

आता किरकोळ नोंदी. त्यांच्या स्टेटमेंटवर स्टॉक स्टेटमेंट उशिरा दिल्याबद्दल दंड १,००० आणि त्याखाली जीएसटी १८० अशी जोडी दोनदा होती. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल बँक जो दंड लावते त्यावर जीएसटी लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीनंतर हे स्पष्ट करण्यात आलं. ते ३६० रुपये लेखी मागायचे. रक्कम लहान आहे, पण ती मागितल्याने बँकेला कळतं की हा ग्राहक स्टेटमेंट वाचतो. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडाच्या रकमेवर पुढे व्याजही लावता येत नाही. तुमच्या खात्यात तसं होतंय का, हे मॅनेजरना विचारा. बाकी स्टॉक स्टेटमेंटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवली की हा खर्च उरतच नाही.

खरं मूळ मात्र बँकेत नाही. ओडी भरलेली राहते कारण पार्टी नव्वद-शंभर दिवसांनी पैसे देते. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल देण्याआधीची. या गृहस्थांकडे नोंदणी होती, पण बिलावर तिचा नंबर छापलेला नव्हता. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला तो नंबर दिसला पाहिजे, कारण आयकर कायद्यानुसार अशी थकबाकी मुदतीनंतर दिली तर खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते. पार्टी तुटेल या भीतीने कोणी तक्रार करत नाही. ती भीती खरी आहे. म्हणून आधी नंबर छापा. बिलाच्या तिसाव्या दिवशी आठवणीचं पत्र पाठवा. तक्रार शेवटी. कंपनी ट्रेड्स (TReDS) या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर असेल तर तिने मान्य केलेलं बिल तिथे वटवता येतं, तेही बघा.

घरच्या बचत खात्याबद्दल थोडक्यात. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड लावण्याआधी बँकेने कळवायला हवं आणि शिल्लक भरायला किमान महिना द्यायला हवा. केवळ त्या दंडामुळे बचत खातं उणे होता कामा नये. १ एप्रिल २०१५ पासून हा नियम आहे. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्ये काढला. पंजाब नॅशनल, कॅनरा आणि बँक ऑफ बडोदानेही २०२५ मध्ये तो बंद केला. चार-पाच बँकांत खाती असतील तर दोन ठेवा, बाकीची बंद करा.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक.

दुसऱ्या बँकेत स्वस्त दर मिळत असेल तर एक तारीख चुकवू नका. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या ओडीसाठी नियम असा : करारातल्या मुदतीआधी 'नूतनीकरण नको' असं कळवलं आणि खातं ठरल्या तारखेला बंद झालं, तर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्क लावता येत नाही. आमच्या गाळामालकांचं मंजुरीपत्र कपाटात, पत्र्याच्या नमुन्यांच्या खाली सापडलं. नूतनीकरणाला दोन महिने उरले होते. तुमचं मंजुरीपत्र आजच शोधा, तारीख बघा, आणि बँकेला जे कळवायचं ते लेखी देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या.