कोंबड्यांतील अंडी घालण्याचे विकार

अंडे तयार होण्यात किंवा ते शरीराबाहेर पडण्यात येणाऱ्या अडथळ्यांचा यांत समावेश होतो. परसातील कोंबडीपालनात पक्षी मोजकेच असल्याने एक कोंबडी दगावली तरी कुटुंबास तोटा जाणवतो. म्हणून अंडी बंद होणे नैसर्गिक आहे की रोगट, हे वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

अंड्याची घडण : कोंबडीत सामान्यतः डावा अंडाशय व डावी अंडनलिका एवढ्याच कार्यक्षम असतात. अंडे पूर्ण होण्यास सु. २४–२६ तास लागतात, त्यांपैकी सु. २० तास कवच घडण्यात जातात. एका कवचात सु. २ ग्रॅ. कॅल्शियम असते. खाद्यातून ते पुरेसे न मिळाल्यास हाडांतून घेतले जाते.

नैसर्गिक खंड : पिसे झडताना, कोंबडी खुडूक झाल्यावर किंवा दिवस लहान झाल्यावर अंडी थांबतात. भरपूर अंड्यांसाठी रोज सु. १४–१६ तास प्रकाश लागतो. पालघर जिल्ह्यातील सालवड, बोईसर व तारापूर या परिसरात डिसेंबरमध्ये दिवस सु. ११ तासांचाच असतो. खुडूक कोंबडी बसून राहते व कमी खाते; परंतु हात लावताच पिसे फुलवून प्रतिकार करते. तिला औषध लागत नाही.

अंडे अडकणे : कॅल्शियमची उणीव, अंड्याचा मोठा आकार, लठ्ठपणा अथवा अंडनलिकेचा दाह ही याची कारणे होत. कोंबडी मलूल होते, शेपूट खाली पाडून ताठ उभी राहते, वारंवार कुंथते व खाणे सोडते. तिचा मागील भाग २०–३० मिनिटे कोमट पाण्यात ठेवून, कोरडा करून, गुदद्वारास स्वच्छ तेल लावावे व तिला उबदार, अंधाऱ्या जागी एकटी ठेवावी. अंडे आत फोडू नये. कवचाच्या तुकड्यांनी अंडनलिका फाटते. काही तासांत सुटका न झाल्यास पशुवैद्याची मदत घ्यावी. विलंब प्राणघातक ठरतो.

अंडनलिका बाहेर येणे : गुदद्वाराबाहेर लाल मांसल भाग दिसतो. इतर कोंबड्या त्यावर टोचा मारतात, म्हणून रुग्ण कोंबडी त्वरित वेगळी करावी. तो भाग कोमट पाण्याने धुऊन ओला ठेवावा व पशुवैद्याकडून आत बसवून घ्यावा.

कवचाचे दोष : कॅल्शियमच्या उणिवेने कवच मऊ होते. कडक उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते; त्यामुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटून कवच पातळ बनते. सावली व थंड पाणी द्यावे. किनारपट्टीत सहज मिळणारे शिंपले धुऊन, वाळवून व भरडून वेगळ्या भांड्यात ठेवावेत. अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र ते देऊ नयेत, कारण जादा कॅल्शियमने त्यांच्या मूत्रपिंडांस इजा होते.

रोगाची शंका : अनेक कोंबड्यांची अंडी एकाएकी घटल्यास रानीखेत किंवा बर्ड फ्ल्यू संभवतो. २०२२ च्या फेब्रुवारीत पालघर जिल्ह्यात वसई-विरार भागात बर्ड फ्ल्यू आढळला होता. सोबत मरतूक असल्यास मृत पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. प्रतिजैविके दिलेल्या कोंबडीची अंडी पशुवैद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत खाण्यात आणू नयेत.