चाकांवरचे घर आणि हातातले चाक

निवृत्तीनंतर राहते घर विकावे, मोटारघरात बिऱ्हाड थाटावे आणि देश पाहत हिंडावे, ही अमेरिकी मध्यमवर्गाची जुनी हौस. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या गावी विनेबागो कंपनीने १९६६ साली अशी वाहने कारखान्यात बनवावयास घेतली आणि ही हौस पुष्कळांच्या आवाक्यात आली. जाहिरातीत पलंग, शेगडी, न्हाणीघर सारे दिसते. हे घर सरळ रेषेत हाकताना चालकाला किती झुंजावे लागते, ते मात्र दिसत नाही.

शेजारून मोठी मालमोटार पुढे जाऊ लागली की वाऱ्याचा लोट मोटारघराला प्रथम बाहेर ढकलतो. लगेच तिच्या मागची पोकळी त्याला आत ओढते. चालक चाक डावीकडे फिरवतो, तोच उजवीकडे फिरवावे लागते. संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. बिचारा दोष देतो स्वतःच्या वयाला!

दोष बहुधा बांधणीत असतो. मोठी मोटारघरे पुष्कळदा मालवाहू गाडीच्या चासीवर उभारली जातात. चासी एका कारखान्याची, घर दुसऱ्याचे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते लांबीचे. साहजिकच घर मागे लांबते, पण पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर त्या प्रमाणात वाढत नाही. मागच्या चाकांपलीकडे लोंबणाऱ्या भागात पलंग, कपाटे, कधी पाण्याची टाकीही येते. तो भार तरफेप्रमाणे पुढची बाजू उचलून धरतो आणि जी चाके वळवायची तीच हलकी पडतात. शेपटीवर वारा आदळला की तोंड उलट दिशेला जाते.

जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात काढलेले मोटारघर या रूढीला अपवाद होते. त्याचे इंजिन पुढे, ओढही पुढच्याच चाकांना, आणि तळ जमिनीलगत. असा विचार अपवादच ठरावा, हे खेदजनक होय.

बाजारात या दुखण्यावर स्टिअरिंगचे डॅम्पर विकले जातात. टायर फुटला असता बसणारा हिसका ते सौम्य करतात, हे खरे. परंतु मागचा भार पुढे आणण्याचे सामर्थ्य त्यांत नाही. उलट झिजलेल्या सांध्यांची ढिलाई झाकली जाते. काही मिस्त्री गिअरबॉक्सचा स्क्रू नको तितका आवळतात, मग वळणानंतर चाक आपणहून सरळ होईनासे होते.

कायद्यानुसार वाहन सुरक्षा-मानकांत बसते, याची ग्वाही अखेरच्या टप्प्यावरील उत्पादकाने द्यावयाची असते. वाऱ्यात सरळ चालण्याची कसोटी त्या मानकांत नाही. त्यामुळे तक्रार घेऊन गेलेल्या मालकाला चासीवाल्याने घर बांधणाऱ्याकडे बोट दाखवावे आणि त्याने पुन्हा चासीवाल्याकडे, याला वाव राहतोच.

भारतातही बसगाड्यांच्या बाबतीत चासी एकाची व बॉडी दुसऱ्याची, ही पद्धत जुनीच आहे. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. अशी गाडी घेणाऱ्याने पडद्यांचा रंग पाहण्याआधी पाणी, सामान व माणसे भरून ती वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या आणि मागच्या चाकांचा भार निरनिराळा मोजून घ्यावा, आणि टायरांत हवा त्या भाराच्या हिशेबाने भरावी. एवढे अर्ध्या दिवसात होते.