जामीनदाराचा सातबारा

पांढरकवड्याच्या कोर्टात जामीन राहायला आलेला माणूस हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवरून ओळखू येतो. तीत सातबारा, आधार, रेशनकार्ड, घरटॅक्सची पावती, फोटो. रक्कम मोठी असेल तर तहसीलचा ऐपतीचा दाखला. वकिलाचं बोट आधी जातं ते सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यावर. कापसाच्या या पट्ट्यात तिथे सोसायटीच्या नाहीतर बँकेच्या पीककर्जाचा बोजा बहुधा असतोच. वावर पाच एकर, पण बोजा वजा जाता ऐपत किती? मग पिशवी बंद होते आणि दुसऱ्या जामीनदाराचा शोध सुरू होतो.

जामीनदार आरोपीच्या चारित्र्याची हमी देत नाही. तो लिहून देतो ते एवढंच : हा माणूस तारखेला हजर राहील, न राहिल्यास अमुक रक्कम मी भरेन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८६ खाली आपण आणखी किती जणांना जामीन आहोत, हेही त्याला जाहीर करावं लागतं. भाडोत्री जामीनदारांना चाप बसावा म्हणून. आरोपी फरार झाला की कलम ४९१ : बंधपत्र जप्त, कारणे दाखवा नोटीस, मग दंडासारखी वसुली. वसुलीच झाली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. कोर्ट काही रक्कम माफ करू शकतं, पण ती त्याची मर्जी.

चीनमध्ये हीच भूमिका वेगळ्या मापाने मोजतात. तिथे जामीनदार किंवा रोख अनामत, दोन्हींपैकी एकच मागता येतं. जामीनदाराचा खटल्याशी संबंध नसावा, राजकीय हक्क शाबूत असावेत, राहायचं ठिकाण कायमचं आणि उत्पन्न ठरावीक असावं. त्याने आरोपीवर नजर ठेवायची आणि अट मोडली, किंवा मोडेल असं दिसलं, तरी लगेच कळवायचं. कुचराई केली तर एक हजार ते वीस हजार युआन दंड. प्रकरण गंभीर असेल तर त्याच्यावरच खटला. अशा सुटकेची मुदत १२ महिन्यांहून जास्त नसते. शेजाऱ्याला पोलिसांचा कान करणारी ही पद्धत मला रुचत नाही. पण जामीनदाराने नेमकं काय करायचं, हे ती स्वच्छ सांगते. आपल्याकडे माणसावर लक्ष ठेवू शकणारा एक आणि पैसे भरू शकणारा दुसराच, अशी गत होते.

याच केळापूर तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडाचं, म्हणजे आदिवासी वस्तीचं, उदाहरण घ्या. कोण कुठे मजुरीला गेलाय, हे पोडावर सगळ्यांना ठाऊक. पण त्यांच्याकडे जमीन असलीच तर बऱ्याचदा वनहक्काच्या पट्ट्याची, आणि २००६ च्या कायद्याने ती वारसाला जाते, विकता येत नाही. जी विकता येत नाही, तिच्यावर वसुली काय करणार?

दुसरी अडचण नदीपलीकडची. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. सोयरीक दोन्ही तीरांवर, पण तिकडच्या भावाचे जमिनीचे कागद तेलुगूत. मोतीराम खटल्यात १९७८ मध्ये नेमका हाच प्रश्न होता. मध्य प्रदेशातल्या या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो हट्ट मोडीत काढून हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडलं. तरी स्थानिक जामीनदाराचा आग्रह टिकलाच. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की सुटका लांबण्याचं हे एक कारण आहे, अशी अट शक्यतो घालू नये. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही, तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असंही त्याच आदेशात आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे. कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. पिशवी घेऊन दारोदार फिरण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून पाहावं.

आणि मेहुण्यासाठी सही करून बसलेल्यांसाठी एक गोष्ट. त्याची लक्षणं ठीक दिसेनात, तर कलम ४८९ खाली ‘मला मोकळं करा’ असा अर्ज कधीही देता येतो. कोर्ट आरोपीवर वॉरंट काढतं, तो हजर झाला की बंधपत्र रद्द होतं आणि त्याला नवा जामीनदार आणायला सांगतात. मात्र हा अर्ज तो फरार होण्याआधी द्यायचा.