झॅबिक्सला पॅच लावताय? आधी बॅकअप, मग बाकी सगळं

बिलिंगच्या आणि वेबसाइटच्या सर्व्हरवर लक्ष ठेवायला तुम्ही झॅबिक्स बसवलंय, छान. पण राखणदाराच्याच खोलीचं कुलूप मोडकं असेल तर?

2024 मध्ये झॅबिक्सच्या एपीआयमध्ये अशीच एक त्रुटी सापडली. एपीआय वापरायची परवानगी असलेला साधा यूजरही तिच्यातून डेटाबेसमध्ये हात घालू शकत होता. धोक्याचा स्कोअर 10 पैकी 9.9! दुरुस्ती 6.0.32, 6.4.17 आणि 7.0.1 मध्ये आली. तुमचं व्हर्जन त्याआधीचं असेल, तर अपडेट उद्यावर टाकू नका.

करायचं कसं?

1. डेटाबेस आणि कॉन्फिग फाइल्सचा बॅकअप घ्या. 6.0 वरून 7.0 वर जाताना नवा सर्व्हर सुरू होताच डेटाबेसची रचना बदलतो. मग मागे फिरायला बॅकअपशिवाय रस्ता नाही.

2. सर्व्हर थांबवा. सर्व्हर आणि वेब फ्रंटएंड, दोन्ही अपडेट करा, मग चालू करा.

3. चालूच होत नाही? अंदाज बांधत बसू नका, सर्व्हरची लॉग फाइल उघडा. पासवर्ड चुकलाय की डेटाबेसचं व्हर्जन जुनं पडतंय, ते बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं.

4. शेवटी एखादी टेस्ट सर्व्हिस मुद्दाम बंद करा. मोबाइलवर अलर्ट आला, तरच काम पूर्ण.

एक लक्षात ठेवा, अलर्ट येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. कदाचित राखणदारच झोपलेला असेल!